दुखलं तर सांगजा, काका

४ ऑगस्ट, सोमवार

आज जिन्यावर थांबलो. शाळेच्या जिन्यावर! बावीस पायऱ्या. चौतीस वर्षं खेळाचा मास्तर म्हणून ह्याच पायऱ्यांवर पोरांना हाकललं — "चल बे, पाय उचल, म्हातारा झाला का?" — अन् आज मीच मधात कठड्याला धरून उभा. छातीवर पोळपाट ठेवून कोणी दाबून राहिल्यासारखं. मिनिटभर. मग गेलं.

मागून गणिताच्या मॅडम आल्या. "सर, काय झालं?" म्हटलं, "बुटाची लेस सुटली." पावसापायी पायात सँडल होती! मॅडमनं सँडलकडं पाहिलं अन् बाजूनं निघून गेल्या.

सरलाला सांगितलं नाही. उगाच घर डोक्यावर घेईल.

५ ऑगस्ट

पुन्हा. भाजीची पिशवी घेऊन येताना, स्टेशनच्या चढावर. आज डाव्या जबड्यात. दात दुखते तसं. तिथला दात तर मागच्या वर्षीच काढला!

गॅस असेल. लिंबू-सोडा घेतला. ढेकर आली. बरं वाटलं.

रघुनाथदादा पण हेच म्हणाला होता — गॅस झाला.

७ ऑगस्ट, गुरुवार

दादाचं लिहूनच टाकतो, नाही तर डोक्यात फिरत राहते. दादा, माझा मोठा भाऊ, मोहगावला राहायचा. संत्र्याचा बगीचा. सहा वर्षं झाली. सकाळी बगीच्यात निघाला, वहिनीला म्हणाला, "गॅस झाला वाटते, चहा नको ठेवू," अन् झाडाखाली बसला तो बसलाच. सत्तावन्न वर्षांचा. आमचे बाबा चौपन्नाव्या वर्षी गेले. त्यांनाही "गॅस"च होता. मी अठ्ठावन्नचा. म्हणजे आमच्या घरात एवढं जगलेला मीच पहिला! हसून घ्यावं म्हटलं तर हसू येत नाही.

शेवटी संध्याकाळी अतुलच्या दवाखान्यात गेलो. अतुल माझाच विद्यार्थी. आठवीत असताना शिट्टीवर हसला म्हणून मी त्याला मैदानाच्या दहा चकरा मारायला लावल्या होत्या. आता डोक्याला टक्कल अन् गळ्यात नळी. त्यानं ईसीजी काढला. कागद उलटा-सुलटा करून पाहत बसला.

"सर, हा तर बरा आहे. पण झोपवून काढलेला ईसीजी म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन पाहणं. चढावर गाडी काय करते ते पाहावं लागेल. नागपूरला टीएमटी करून घ्या."

"म्हणजे?"

"पट्ट्यावर चालवतात. हळूहळू जोरात. हृदयावर ताण देतात अन् पाहतात."

ताण! दादा द्यायचा संत्र्याच्या झाडांना ताण. पाणी तोडायचा, पानं कोमेजेपर्यंत, म्हणजे मग बहार चांगला फुटते. पण म्हाताऱ्या झाडाला नाही द्यायचा. म्हणे, ते ताणातून परत येत नाही कधी कधी.

अतुलला विचारलं, "कोणी त्या पट्ट्यावर... म्हणजे, गेलं का कधी?" तो हसला. "सर, डॉक्टर बाजूलाच उभे राहतात. आता तुमची पाळी आहे चकरा मारायची."

मी पण हसलो.

८ ऑगस्ट

अतुलनं घरी फोन केला. फितूर! सरला स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानंच बाहेर आली.

"मायबाई! अन् मले कावून नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो."

"कधी? तुमच्या दादासारखं झाडाखाली बसल्यावर?"

असं बोलली अन् स्वतःच तोंडावर हात ठेवला. गालाला कणीक लागली. मग चंडीमातेला नवस बोलली. रिपोर्ट चांगला आला तर पाच सवाष्णी जेवू घालणार, अन् मी आयुष्यभर तंबाखूला हात लावणार नाही. नवस तिचा, तंबाखू माझा!

१० ऑगस्ट, रविवार

अतुलनं कागदावर लिहून दिलं ते भिंतीला चिकटवलं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. सकाळी हलकं काही खायचं, मग तीन तास पोट रिकामं. बूट चांगले पाहिजेत. ढिला शर्ट. कोणती गोळी चालू, कोणती बंद, विचारून घ्यायचं. छातीवर दहा टिकल्या लावतात अन् वायरा जोडतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढवतात अन् चढही. दोनशे वीसमधून वय वजा करायचं — एकशे बासष्ट. त्याचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे एकशे अडतीस. तेवढे ठोके व्हायला पाहिजेत मिनिटाला. छातीत दुखलं, चक्कर आली, दम कोंडला तर लगेच सांगायचं. सांगितलं की थांबवतात.

शेवटच्या ओळीखाली अतुलनं दोन रेघा मारल्या.

एकशे अडतीस! दादाचे किती झाले असतील त्या झाडाखाली?

सौरभचा फोन आला सौंसरहून. तिथं वीज कार्यालयात आहे तो. चौतीस वर्षांचा, एका पोरीचा बाप. म्हणे, "बाबा, मी सुट्टी घेऊन येतो." म्हटलं, "काही गरज नाही. पट्ट्यावर चालायचं आहे, लढाईला नाही चाललो." फोन ठेवला अन् आंगणात पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. यायला पाहिजे होता तो, असं वाटून राहिलं.

१२ ऑगस्ट

उद्या. मोबाईलवर पाहू नका म्हटलं होतं अतुलनं. पाहिलं. दहा हजारात एखाद्याला धोका होतो म्हणे. पांढुर्ण्यात दहा हजार माणसं तर माझ्या ओळखीचीच असतील. एक कोणता असेल त्यातला?

मेलो तर? सरलाला बँकेचं काही कळत नाही. तिला सांगावं का? सांगितलं तर ती समजून जाईल. नाही सांगितलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

झाली. सगळं लिहितो. जसं झालं तसं.

सकाळच्या गाडीनं गेलो. सरलानं दवाखान्याच्या दारापर्यंत हात धरला होता. लग्नात धरला त्यानंतर रस्त्यावर आजच. आत शर्ट काढायला लावला. छातीवर चार-पाच ठिकाणचे केस भादरले, मेंढीसारखे. थंडगार काही तरी चोळलं, टिकल्या लावल्या, वायरा. दंडाला बीपीचा पट्टा. एक फॉर्म पुढं केला. "जोखीम समजली आहे, खाली सही." केली. माझी सही मलाच ओळखू नाही आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पडद्यासमोर बसल्या. अन् मशीनवाला पोरगा — पोरगा कसला, तीस-बत्तीसचा बाप्या — वायरा नीट करता करता बोलला.

"काका, कुठचे?"

"पांढुर्णा."

"अरे बाप्पा! मी सावरगावचा. कुलदीप."

झालं! माझी पाठ आपोआप ताठ झाली. कोणाला सांगितलं तर येडा म्हणतील. पण पांढुर्णा अन् सावरगावच्या मधात फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा, अन् ह्या काठचे त्या काठच्यांना गोटे मारतात. गोटमार. मी अठराव्या वर्षापासून चाळिसापर्यंत खेळलो. डोक्यात सात टाके, एक दात, डाव्या हाताचं बोट अजून वाकडं. खेळात एकच कायदा — लागलं म्हणायचं नाही. रक्त आलं तर चंडीमातेचा अंगारा लावायचा अन् पुन्हा उतरायचं. जो "लागलं" म्हणून बसला त्याला वर्षभर चौकात चिडवतात. अन् त्या काठच्यासमोर? जीव गेला तरी नाही!

कुलदीप हसला. "म्हणजे आज पांढुर्णेवाला सावरगावच्या हाती सापडला! गंमत करतो जी. दुखलं तर सांगजा, काका. लाजू नका."

मी काय म्हटलं? म्हटलं, "सावरगाववाल्यापुढं पांढुर्णेवाला थांबत नसते." डॉक्टरीणबाई पण हसल्या.

पट्टा सुरू झाला. पहिले तीन मिनिटं वरातीची चाल. म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी आठ दिवस झोप नाही आली? तीन मिनिटांनी घरघर करून पट्टा पुढून उचलला, वेग वाढला. सुटत्या बसकडं निघाल्यासारखा. घाम आला. बीपीचा पट्टा मधामधात दंड आवळे. पडद्यावर एकशे अठरा. एकशे चोवीस. सहा मिनिटांनी पुन्हा उचलला. आता सरळ चढ. अन् तिथं आलं. पोळपाट. आधी हलका. मग पूर्ण. जबड्यात ओढ, डाव्या खांद्यात शिसं ओतल्यासारखं. मी दांडी आवळून धरली.

कुलदीप वाकला. "काका, दुखून राहिलं का?"

"चालू दे."

"नक्की? दुखलं तर..."

"चालू दे म्हटलं ना बे!"

सातवं मिनिट होतं. दोन मिनिटं मी त्या पट्ट्यावर मेलो. डोळ्यांसमोर दादा नाही, सरला नाही, काही नाही. फक्त लाल आकडा. एकशे छत्तीस. सदतीस. अडतीस. थांबवलं. झोपवलं. पाच-सहा मिनिटं तसंच, वायरांसकट. हळूहळू छाती मोकळी झाली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छातीत दुखलं का? जबड्यात, हातात?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही जी. दम लागला फक्त."

टिकल्या काढताना कुलदीपनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

बाई म्हणाल्या, शेवटी रेघा जराशा खाली गेल्या, पण तेवढ्यावरून पक्कं सांगता येत नाही. नऊ मिनिटं चाललात, त्रास काही नाही. गोळ्या लिहून देते, तीन महिन्यांनी परत या. मग म्हणाल्या — हे शब्दाला शब्द आठवते — "दुखलं असतं ना, तर मी तुम्हाला आज घरी जाऊ दिलं नसतं."

त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं होतं मी. कुलदीप तिथंच उभा होता, वायरा गुंडाळत. तोंड बंद केलं.

सरला बाहेर रडली. आनंदानं. परतीच्या गाडीत तिनं अनोळखी बाईला पेढा दिला.

१४ ऑगस्ट

पास झालो. नक्कल करून! चौतीस वर्षांत किती पोरांच्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या मी परीक्षेत. अन् मी तर ज्या छातीचा पेपर होता तिलाच फसवलं.

घरात पाच सवाष्णी जेवल्या. मी वाढलं. एक म्हणे, "भाऊजींची तब्येत लोखंडी आहे."

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. दरवर्षी परेडची आज्ञा मीच देतो. "सावधान" झालं. "विश्राम" झालं. पुन्हा "सावधान". "दाहिने मुड" म्हणायला श्वास ओढला अन् मधातच अडकला. पाचशे पोरं उभी, वाट पाहत. शेवटी कप्तानानं आज्ञा दिली. हेडमास्तर म्हणाले, "घसा बसला का सर?" म्हटलं, "हो, घसा."

आता न चालताही येते. नुसतं उभं राहून.

१८ ऑगस्ट, सोमवार

अतुलच्या दवाखान्यात गेलो होतो. सांगायचंच ठरवून. बाहेर बाकावर बसलो, दहावा नंबर. मनात घोकून राहिलो — अतुल, मी खोटं बोललो. अतुल, मी खोटं बोललो. आठवा नंबर आत गेला अन् अतुल स्वतःच दारात आला. सगळ्यांसमोर मोठ्यानं, "काय सर! नऊ मिनिटं! अहो, माझ्यानं सहा होत नाहीत!" बाकावरचे सगळे माझ्याकडं पाहून हसले. कोणी म्हटलं, "पांढुर्ण्याचं पाणी आहे ते!"

मी पण हसलो. उठलो. घरी आलो.

किती भित्रा आहे मी! मरायची भीती वाटते, अन् सांगायची त्याहून जास्त.

२० ऑगस्ट

जेवताना सरलाला म्हटलं, "ते मशीनवर ना, मला जरासं..." तिनं घास तसाच धरला. डोळे एवढे मोठे. म्हटलं, "जरासं हसू आलं होतं." तिनं घास खाल्ला.

सौरभ शनिवारी गोटमारीला येऊन राहिला. सरला म्हणते, "तुम्ही सांगा त्याले, नको उतरू." मी कसा सांगू? मीच उतरवला त्याला पहिल्यांदा. दहा वर्षांचा असताना कबड्डीत त्याचं बोट मोडलं होतं, संध्याकाळपर्यंत बोलला नाही पोरगा. सुजून वांग्याएवढं झालं तेव्हा कळलं. मी सगळ्या मास्तरांना सांगत फिरलो होतो — बापाचं पोर आहे म्हणून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बैल येऊन गेले. पुरणाचा नैवेद्य झाला. मी ओट्यावर बसलो होतो. पाहतो तर गल्लीच्या तोंडातून कुलदीप येऊन राहिला! टिळा लावलेला, हातात करंज्यांची पुडी. सणाला घरी आला होता सावरगावला. माझ्या फॉर्मवर शाळेचं नाव वाचलं होतं त्यानं; पीटीवाले सर कुठं राहतात, विचारत विचारत आला. उद्या गोटमार अन् आज त्या काठचा माणूस माझ्या ओट्यावर!

पाया पडला. सरलानं पुरणपोळी दिली. ती आत गेल्यावर हळूच म्हणाला, "काका, मी झोपलो नाही नीट. सातव्या मिनिटाले तुमचं तोंड मी पाह्यलं. खरं सांगा ना. दुखलं होतं ना?"

"तुला काय करायचं आहे?"

"मी मॅडमला सांगू शकतो. सांगितलंच नाही अजून. तुमच्याच तोंडून निघालं तर बरं."

आतून भांड्याचा आवाज आला. सरला येऊन राहिली होती. माझा पारा चढला. खरं म्हणजे भीतीच चढली, पण ती रागासारखीच बाहेर येते माझी. म्हटलं, "नव्हतं दुखलं! सावरगावचा आहेस म्हणून घरी येऊन परीक्षा घेतो का माझी?"

त्यानं पोळी अर्धी ठेवली. उठला. जाता जाता म्हणाला, "काका, मी गोटा घेऊन नव्हतो आलो जी."

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो. हाक मारायची होती. नाही मारली. सरला म्हणे, "कोण होता? जेवला का नाही?"

२३ ऑगस्ट. सकाळ

सौरभ आला. नदीवर जाऊन राहिलो. नुसता पाहायला.

२६ ऑगस्ट, मंगळवार. नागपूर

लिहायला परवानगी मिळाली. उजव्या मनगटाला पट्टी आहे, तिथूनच नळी घातली होती. अक्षरं वाकडी येऊन राहिली. येऊ दे.

शनिवारी काठावर जुन्या खेळाडूंच्या घोळक्यात उभा होतो. हेच तेवढं आठवते नीट — ऊन, ढोल, "झेंडा! झेंडा!" ची आरोळी. सौरभ खाली पाण्यात होता. गर्दीच्या रेट्यानं मागं सरकलो, काठ चढून वर आलो. दहा-बारा पावलं असतील. पोळपाट नाही, ह्या वेळी अख्खी चूलच ठेवली कोणी छातीवर. मी मातीत बसलो.

चार-पाच जण धावले. "सर, लागलं का? गोटा लागला का?"

त्या काठावर, सगळ्या पांढुर्ण्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, "हो. लागलं."

ते डोकं पाहून राहिले, पाठ पाहून राहिले. रक्त कुठंच नाही! एकानं कपाळाला अंगारा लावला. एक म्हातारा म्हणे, "कुठं लागलं, दाखव ना!" मी छातीवर हात ठेवला. "इथं. आतून."

गोटमारीसाठी आणून ठेवलेली अँब्युलन्स दहा पावलांवर होती, म्हणून आज लिहून राहिलो. तिथल्या मेडिकल कॅम्पच्या डॉक्टरनं तोंडात गोळी टाकली. सौरभ चिखलानं भरलेला, भुवईतून रक्त गळत, तसाच गाडीत चढला. सौंसर गेलं, रस्ता संपता संपेना. प्रत्येक खड्ड्यात वाटे, हा शेवटचा. इतका घाबरलो, इतका घाबरलो की लाज उरलीच नाही. सौरभचा हात धरून सांगितलं, "मशीनवर दुखलं होतं रे. मी खोटं बोललो. सगळ्यांशी."

तो बाहेर पाहत राहिला. माझा हात मात्र सोडला नाही.

दोन नसा बंद. त्यातली एक नव्वद टक्के. दोन स्टेंट टाकले. सरला काचेबाहेर उभी होती, पदर दातात धरून. तिला सगळं सांगितलं. ती मग म्हणे, "नवस खोट्यावर फेडला तुम्ही माझा."

२८ ऑगस्ट

कुलदीप वॉर्डात येऊन गेला. माफी मागायला तोंड उघडलं तर तोच आधी म्हणाला, "काका, माझी बी चूक. मी गावाचं नाव काढायलेच नको होतं त्या दिवशी." मी त्याचा हात धरून रडलो. सावरगाववाल्यापुढं! त्यानंच रुमाल दिला.

मोठे डॉक्टर राउंडला आले. विचारलं, घरात कोणाला? सांगितलं — बाबा चौपन्न, दादा सत्तावन्न. त्यांनी सौरभकडं पाहिलं. कागदावर काही लिहिलं. "यांची पण तपासणी करून घ्या. टीएमटीसुद्धा. लवकर."

इतके दिवस माझ्या जिवाची भीती होती. तिचं एक बरं असते, ती आपल्यापाशीच राहते. ही नवीन भीती सौरभच्या मागं मागं फिरून राहिली. तो जिना चढला की माझे कान तिकडं.

११ सप्टेंबर, गुरुवार. नागपूर

सौरभची टीएमटी झाली. कुलदीप सुट्टीवर, दुसराच कोणी होता. मी काचेबाहेर बसून होतो. सातव्या मिनिटाला सौरभनं दांडी आवळली अन् जबडा घट्ट मिटला. मशीनवाल्यानं काही विचारलं, त्यानं मान हलवली. नाही म्हणून. नऊ मिनिटं पूर्ण केली. बाहेर आला, शर्टाची बटणं लावत हसला. "काहीच नाही झालं बाबा. एकदम फिट!"

मी उठलो अन् डॉक्टरच्या खोलीकडं निघालो. तो मागून ओरडला, "बाबा, सांगू नका!"